पिवळा सिग्नल, चौतीस वर्षांनी

३ नोव्हेंबर, सोमवार

ही डायरी एका पतसंस्थेची आहे. छापताना अध्यक्षांचा फोटो उलटा गेला, म्हणून शंभर डायऱ्या आमच्याच दुकानात पडून राहिल्या. मालक अभयदादा म्हणाला, "ने एक. तुझीच करामत आहे." पहिल्या पानावर अध्यक्ष खाली डोकं वर पाय. बघून बरं वाटतं.

मी मिसबा तांबोळी, वय वीस, शनिवार पेठ. बारावीला दोनदा बसले, दोनदा उठले. आता फ्लेक्सच्या दुकानात डिझाईन करते. म्हणजे वाढदिवसवाल्या दादांचे गाल गोरे करते, कपाळ मागे गेलेलं पुढे आणते, आणि खाली शुभेच्छुकांच्या मुंडक्यांची रांग लावते. पुण्यात माणूस जन्माला आल्याचा पुरावा म्हणजे फ्लेक्स. एकदा चौकात लागला की ते खरंच असतं. नंतर कोणी नाही म्हणू शकत नाही.

फावल्या वेळात मी आमच्या चौकातल्या खड्ड्याचा फ्लेक्स केला होता. "पहिल्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. शुभेच्छुक: समस्त मणके." तीन दिवस लोकांनी सेल्फी काढले. मग फ्लेक्स गेला. खड्डा आहे.

पण या वेळचा उद्योग खड्ड्याहून खोल आहे. कोणाला सांगता येत नाही आणि सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून ही डायरी.

माझ्या अब्बांचं रेडिओ, टेप, मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. दिवसभरात ते अकरा शब्द बोलतात, मी मोजलेत. तर हेच अब्बा सत्त्याऐंशी साली एका बँडमध्ये सिंथ, म्हणजे विजेवरचा कीबोर्ड, वाजवायचे. बँडचं नाव "पिवळा सिग्नल". सिंथ जुन्या बाजारातून मेलेला आणला आणि जिवंत केला. गाणारे त्यांचे दोस्त संजय ओव्हाळ. मी अब्बांना विचारलेलं, न्यू वेव्ह म्हणजे नक्की काय? तर म्हणाले, "तेव्हा नवी होती."

एकच कॅसेट निघाली. तिच्यावर छापलंय, "ड्रम्स: बजरंग". बजरंग हा माणूस नाहीच. ते ड्रम मशीन आहे. लोकांना वाटायचं की बजरंग लाजाळू आहे म्हणून स्टेजवर येत नाही. मुली त्याला पत्रं लिहायच्या. हे कळलं तेव्हा मी अब्बांकडे पहिल्यांदा आदराने बघितलं.

लहानपणी मला झोप लागली नाही की अब्बा ती कॅसेट लावायचे. "प्लॅस्टिकचं चांदणं, धुतलं की पुन्हा नवं." सिंथचा आवाज असा यायचा की कोणीतरी काचेच्या नळीतून दूध ओततंय. मी त्या आवाजाच्या आत जाऊन झोपायचे. मला तो बँड एकदा समोर वाजताना बघायचाय, बस. शाळेत निबंधात हेच लिहिलं होतं. बाईंनी लाल पेनाने विचारलं, "देशासाठी काय करणार?"

एक्क्याण्णवला दोघं रेकॉर्डिंगसाठी मुंबईला जाणार होते. अब्बा सिंथ घेऊन स्टेशनवर उभे. संजयकाका आलेच नाहीत. तीन गाड्या गेल्या. त्यांना डेअरीत नोकरीचं पत्र आलं होतं म्हणे. अब्बांचं म्हणणं, येऊन सांगायला हवं होतं. काकांचं म्हणणं (हे अम्मीला कोणीतरी सांगितलेलं), येऊन विचारायला हवं होतं. शनिवार पेठ ते काकांची धायरी. चौतीस वर्षं.

तर मी आज दोन फ्लेक्स डिझाईन केले.

६ नोव्हेंबर

लागले!

दोन्हीवर एकच फोटो, सारसबागेच्या भिंतीला टेकलेले दोघं, बारीक टाय, केसांना किलोभर जेल. वर "पिवळा सिग्नल, चौतीस वर्षांनी पुन्हा एकत्र! लवकरच!" गंमत खाली आहे. आमच्या चौकातल्या फ्लेक्सवर "शुभेच्छुक: संजय ओव्हाळ". धायरीत काकांच्या सोसायटीसमोर लावला त्यावर "शुभेच्छुक: मेहबूब तांबोळी". म्हणजे याला वाटणार त्याने लावला आणि त्याला वाटणार याने. आणि दोघंही इतके अडेल की फोन करून "तूच लावलास का?" असं मेले तरी विचारणार नाहीत.

सकाळी अब्बा फ्लेक्ससमोर उभे राहिले. खूप वेळ. मी पोह्यांची बशी घेऊन मागे.

"आयलेट चारच मारलेत," अब्बा म्हणाले. "सहा लागतात. वाऱ्याने फाटेल."

"ते सोडा ना. काकांनी लावलाय बघा!"

"संज्याने?"

"खाली नाव आहे ना."

"हो," अब्बा म्हणाले. "नाव तर आहे." आणि दुकान उघडायला गेले.

एवढा मोठा बाँब टाकला आणि माणूस भोकं मोजतोय. माझ्या खड्ड्याच्या फ्लेक्सचीही मोजली होती, तिथेही चारच. बोअर.

८ नोव्हेंबर

फोन आला! दुकानाच्या नंबरवर. अब्बांचे हात सोल्डरिंगमध्ये होते, म्हणून मी स्पीकरवर टाकला. जसंच्या तसं लिहिते.

"तांबोळी आहेत का?" आवाज घोगरा, सँडपेपर घासल्यासारखा.

"बोला."

"तुमच्या फ्लेक्सवर माझा फोटो आहे."

"मग?"

"त्यात मला केस आहेत."

"तेव्हा होते."

"आता नाहीत. लोकांची दिशाभूल होते."

"तुमच्या फ्लेक्सवर" म्हटल्यावर अब्बांनी विचारायला हवं होतं की माझा कसला फ्लेक्स, तुझा तर फ्लेक्स इथे लागलाय. तिथेच भांडं फुटलं असतं. पण अब्बांच्या लक्षातच आलं नाही. वाचले.

"मग लोकांना समक्ष डोकं दाखव," अब्बा म्हणाले. "कधी बसायचं?"

"सोळाला, रविवारी. माझ्याकडे ये. आणि जे काय करायचं ते सतरा डिसेंबरच्या आत कर. नंतर मी मौन घेणार आहे."

"विपश्यना?"

"तसंच काहीतरी."

फोन ठेवल्यावर अब्बा वायरकडे बघत बसले. सोल्डर थंड झालं. मी म्हटलं, "काका इगतपुरीला जाणार वाटतं." अब्बांनी सोल्डर पुन्हा तापवलं. आज नऊच शब्दांवर काम भागवणार होते, फोनमुळे कोटा संपला.

१६ नोव्हेंबर, रविवार

धायरी. पहिली प्रॅक्टिस. मी सिंथ उचलायला म्हणून गेले, अब्बांनी नको म्हटलं नाही.

काकांनी दार उघडलं. डोकं खरंच चकचकीत. गळ्याला मफलर, हातात गरम पाण्याचा थर्मास. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मला वाटलं आता मिठी मारतील, फोन काढून ठेवलेला.

"जिना चढता येतो अजून," काका म्हणाले.

"तुझ्याकडे लिफ्ट आहे. बंद आहे. मोटरचा कपॅसिटर गेलाय."

"बघ, आल्याआल्या नावं ठेवली."

बस. झाली मिठी.

मग वाजवायला बसले आणि सगळा विचका. अब्बा वाजवतायत काळी दोनमध्ये, काका गातायत पांढरी दोनमध्ये. म्हणजे अर्धा सूर खाली. दोन गाणी एकमेकांच्या पायावर पाय देऊन चाललीयत असं वाटत होतं.

"तू उतरलायस," अब्बा म्हणाले.

"मी? तू चढलायस. कॅसेटमध्ये पांढरी दोनच आहे."

"काळी दोन आहे. मी वाजवलंय."

"मी गायलोय, मेब्या!"

मेब्या! माझ्या अब्बांना कोणी मेब्या म्हणतं हे ऐकून मी खुर्चीवरून पडायची बाकी होते. काका तावातावाने उठले, टेपरेकॉर्डर आणला, कॅसेट लावली. आणि खरंच, पांढरी दोन. काका जिंकल्यासारखे बघायला लागले.

अब्बांनी टेप उलटा केला. खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला (हा माणूस स्क्रूड्रायव्हर घेऊन झोपतो) आणि झाकण उघडलं. आतला रबरी पट्टा बोटावर घेतला. तो असा लोंबत होता, जुन्या बनियनचं इलॅस्टिक जसं.

"पट्टा सैल झालाय. कॅसेट हळू फिरतेय. म्हणून सूर खाली." मग म्हणाले, "रोज लावल्याशिवाय एवढा सैल होत नाही, संज्या."

काका थर्मासचं झाकण फिरवत बसले. उघडायचे, लावायचे.

"उंदीर लावत असतील," काका म्हणाले.

अब्बांनी सिंथ पांढरी दोनवर घेतला. मग दोघांनी पहिलं कडवं नीट केलं. काकांचा आवाज कॅसेटमधल्या पोराचा नाही. तो पोरगा काचेवरून घसरायचा, हे काका वाळूतून चालतायत. पण मधेच तोच पोरगा दिसतो, गर्दीत ओळखीची मान दिसावी तसा. मी खिडकीत बसलेले, बाहेर धायरीच्या इमारतींवर ऊन उतरत होतं, आणि मला खरंच झोप यायला लागली, ती लहानपणीची.

पट्टा बदलून द्या म्हटलं तर अब्बा म्हणाले, "राहू दे. त्याला तसंच ऐकायची सवय आहे."

२४ नोव्हेंबर

बजरंग उठला! अब्बांनी आठवडाभर त्याला टेबलावर उघडा टाकला होता, ऑपरेशन थिएटर. आज लाल दिवा लागला आणि टक-टक-ठिस सुरू झालं. अम्मी स्वयंपाकघरातून ओरडली, "आला का मेला?" लग्न झालं तेव्हापासून अम्मीला या बजरंगचा राग आहे. अब्बांच्या पाकिटात म्हणे तिच्या आधी त्याचा फोटो होता.

मी काकांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "बजरंगला सांग, मानधन मागू नकोस." खूप हळू बोलत होते. म्हटलं, "काका, आवाज वाचवताय का?" म्हणाले, "हो, शिल्लक कमी आहे." काय नाटकी माणूस आहे.

२ डिसेंबर

जागा मिळाली. धायरीतलं एक मंगल कार्यालय. चौदा तारखेला मुहूर्त नाही म्हणून रिकामं. मॅनेजर फॉर्म भरत होता.

"वरपक्ष?"

"नाहीये. बँड आहे."

"बँड आमचा घ्यावा लागतो."

"नाही हो, बँडच आहे. लग्न नाहीये."

"मग जेवण किती पानांचं?"

शेवटी मी वरपक्ष तांबोळी, वधूपक्ष ओव्हाळ असं लिहून दिलं. त्याशिवाय पावती फाटेना. काकांना सांगितल्यावर ते इतके हसले की खोकला थांबेना. निकिताताईने, म्हणजे काकांच्या मुलीने, मला बाहेर काढलं. जरा रागानेच. मी काय केलं?

९ डिसेंबर

मला लिहायचं नाहीये पण लिहिते.

निकिताताई आज दुकानात आली. मला वाटलं बॅनरचं काम असेल. ती म्हणाली, "मिसबा, तुला बाबांनी सांगितलंय का?" म्हटलं, काय? तर ती तिथेच फ्लेक्सच्या गुंडाळ्यांवर बसली.

काकांच्या घशात गाठ आहे. वाईट आहे ती. सतराला ऑपरेशन. गाठीबरोबर आवाजाची पेटीच काढणार. नंतर बोलणं नाही, गाणं तर नाहीच. मौन म्हणजे ते मौन.

"डॉक्टरांनी विचारलं, त्याआधी काही करायचंय का," ताई म्हणाली. "बाबा घरी आले तर समोर तो फ्लेक्स लागलेला. मेहबूबकाकांचं नाव. बाबा रस्त्यात उभं राहून रडले. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. तू तुझ्या अब्बांना सांग, थँक्यू म्हणून. बाबा म्हणणार नाहीत."

मी हो म्हटलं.

अभयदादाने विचारलं, बरं नाही का? म्हटलं, शाईचा वास चढलाय.

मी खड्ड्याला शुभेच्छा देते. तशीच ही एक गंमत होती. मला कॅसेट समोर बघायची होती, एवढंच. आता एक माणूस त्याच्या आयुष्यातला शेवटचा आवाज घेऊन उभा आहे आणि तो माझ्या थापेवर उभा आहे.

१० डिसेंबर

सांगून टाकायचं ठरवून धायरीला गेले. रिक्षात तीनदा पाठ केलं. काका, फ्लेक्स मी लावला, अब्बांनी नाही, माफ करा.

काका गॅलरीत होते. मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी हात वर केला. बोलणं कमी करायचं म्हणून हल्ली हातानेच रहदारी सांभाळतात. मग अगदी हळू म्हणाले, "ऐक. त्या दिवशी स्टेशनवर मी गेलो होतो."

"काय?"

"गेलो होतो. पुलावर उभा होतो. खाली मेब्या दिसत होता, सिंथच्या पेटीवर बसलेला. नोकरीचं पत्र खिशात. घरात खाणारी सात तोंडं. खाली उतरलो असतो तर गाडीत बसलो असतो. म्हणून उतरलो नाही." ते पाणी प्यायले. गिळताना डोळे मिटले. "मग वाटायचं, आपल्याला काही तोंड नाही. त्याने एकदा हाक मारली तर जाऊ. चौतीस वर्षं वाटायचं. मारली की नाही बघ शेवटी."

"हो," मी म्हटलं.

"तू काहीतरी सांगत होतीस."

"काही नाही. शर्ट कोणता घालणार विचारायचं होतं."

"इस्त्रीचा."

परतताना रिक्षावाल्याने आरशात बघून विचारलं, बारावीचा निकाल लागला का?

१३ डिसेंबर

अब्बांना काकांच्या घशाचं सांगितलं. निदान तेवढं तरी. ते मिक्सरचं भांडं फिरवत होते, ते फिरवतच राहिले.

"माहितीये," म्हणाले.

"कधीपासून?"

"फोनवरच. आवाजात खरखर होती. गिऱ्हाईक स्पीकर घेऊन येतं, म्हणतं धूळ गेलीय. आपण ऐकलं की कळतं, धूळ नाही, आतला कागद फाटलाय." भांडं खाली ठेवलं. "ते माझ्याकडून दुरुस्त होणारं नाही. मी फक्त काळी दोनची पांढरी दोन करू शकतो."

एका दमात एवढं बोलले. मी मोजलं नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

कालचं सगळं लिहायचं आहे. दुकानात दांडी मारली. नीट लिहिते, नाहीतर उद्या मलाच वाटेल की स्वप्न होतं.

संध्याकाळी पाचची वेळ. मी तीनलाच कार्यालयात. स्टेजवर आदल्या लग्नाची कमान तशीच, प्लॅस्टिकची फुलं, मागे थर्माकोलचं "शुभविवाह". मी "विवाह" उपटलं. "शुभ" राहिलं. नवरा-नवरीचं लाल सिंहासन हलेना, मग त्यावर बजरंगला बसवला. लाल मखमलीवर छोटी काळी पेटी. एकदम राजा.

दोन्ही फ्लेक्सवर तारीख-जागेची पट्टी चिकटवली होती, तरी मला वाटलेलं, वीसेक लोक येतील. दोनशे आले. टक्कल पडलेले, पोटं सुटलेले, बारीक टाय लावून आलेले लोक. एक बाई मुलाला घेऊन आलेल्या, मुलगा माझ्याहून मोठा. एक गृहस्थ कॅसेटचं कव्हर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आलेले, रेशनकार्डासारखं. आणि विमलाबाई नावाच्या आजी पैठणी नेसून, पाकीट घेऊन. त्या लग्न समजून आल्या होत्या. लग्न नाही कळल्यावर म्हणाल्या, "बसते आता. रिक्षा गेली."

मॅनेजरला उत्साह आला होता. नवरीच्या एन्ट्रीसाठी धुराचं मशीन असतं, ते त्याने विचारायच्या आत सोडलं. पांढरा धूर स्टेजवरून खाली वाहायला लागला, पहिल्या रांगेच्या घोट्यापर्यंत. आणि त्यातून माझे अब्बा चालत आले. इस्त्रीचा शर्ट, बारीक पिवळा टाय. मागून काका. मफलर नाही. गळा उघडा.

बजरंग सुरू झाला. टक-टक-ठिस. मागून कोणीतरी ओरडलं, "बजरंग कुठाय?" काकांनी सिंहासनाकडे हात केला. दोनशे लोकांना चौतीस वर्षांनी कळलं. मग असा हशा! एक काकू म्हणाल्या, "अगंबाई, मी याला राखी पाठवली होती."

मग अब्बांनी बोटं ठेवली.

मला कसं लिहायचं कळत नाही. घरात तो आवाज एका छोट्या डब्यातून यायचा. काल तो जमिनीतून आला, खुर्चीतून आला, माझ्या दातांत आला. काचेच्या नळीतून दूध नाही, पूर्ण हौद. पिवळे दिवे धुरात विरघळले होते आणि लोकांचे चेहरे कडेने पुसट झाले होते, मी फोटोशॉपमध्ये करते तसे. सगळे वीस वर्षांचे दिसायला लागले. टक्कलवाले गृहस्थ डोळे मिटून खांदे हलवत होते, एकाच जागी, जसं पाण्याखाली कोणी नाचतंय. विमलाबाईंची मान बजरंगच्या ठेक्यावर. मला वाटलं मी पाच वर्षांची आहे आणि कॅसेटच्या आत शिरलेय, आणि इथे तर इतके लोक आधीपासून राहतायत!

चार गाणी झाली. काकांचा आवाज गाण्यागणिक झिजत होता. मला ऐकू येत होतं. निकिताताई खांबाला धरून उभी होती.

शेवटच्या गाण्याआधी काका माइकवर म्हणाले, "बोलणार नव्हतो. पण एक सांगतो. मी एकदा याला वाट बघायला लावली. तरी यानेच मला बोलावलं. धायरीत फ्लेक्स लावून. यानेच."

अब्बा माइकवर कधीच बोलत नाहीत. त्यांच्यासमोर माइक नव्हताच. ते उठले, काकांच्या माइकपर्यंत आले, आणि म्हणाले, "हो. मीच."

सिंथकडे परतताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग टाय सरळ केला.

आणि मला त्या क्षणी कळलं की यांना पहिल्या दिवसापासून... जाऊ दे. चार आयलेट.

"प्लॅस्टिकचं चांदणं" सुरू झालं. पहिलं कडवं काकांनी जवळजवळ कुजबुजत घेतलं. दोनशे लोक इतके गप्प, धुराचा आवाज येईल असं वाटलं. दुसऱ्या कडव्यात "धुतलं की पुन्हा" म्हणाले आणि पुढचा शब्द आलाच नाही. तोंड उघडं, मान ताठ, शीर दिसत होती. आवाज नाही.

लोक म्हणाले असते तो शब्द. सगळ्यांना पाठ होता. मी पण म्हणणार होते. अब्बांनी एक हात वर केला, आमच्याकडे न बघता. थांबा.

दुसऱ्या हाताने ते एकच सूर धरून होते. पांढरी दोन. वर केलेला हात मागे नेऊन त्यांनी सिंहासनावरच्या बजरंगला बंद केलं. तो एकच सूर, लांब, सपाट, पिवळा. किती वेळ माहीत नाही. घाई नाही, ढकलणं नाही. अब्बांचा चेहरा बघितला. हा माणूस वाट बघण्यात पक्का आहे. ते आणखी चौतीस वर्षं तसेच बसले असते.

काकांनी डोळे मिटले. दोन श्वास घेतले. आणि म्हणाले, गायले नाही, म्हणाले, साध्या आवाजात, शेजाऱ्याला सांगावं तसं:

"नवं."

अब्बांनी सूर सोडला.

टाळ्या लगेच आल्या नाहीत. कोणाला ते संपवायचंच नव्हतं.

१७ डिसेंबर

ऑपरेशन झालं. सहा तास. डॉक्टर म्हणाले, गाठ पूर्ण निघाली. अब्बा बाहेरच्या बाकावर सहा तास मांडीवर हात ठेवून. मी वडापाव आणला, खाल्ला नाही. मीच दोन खाल्ले. मला टेन्शनमध्ये भूक लागते.

२१ डिसेंबर, रविवार

भेटायची वेळ चार ते सहा. अब्बा परवापासून रोज जातात, दुकान बंद करून. आज मी पण गेले.

काका उशीला टेकून बसलेले, गळ्याला पट्टी, तिथून नळी. मांडीवर पाटी आणि मार्कर. मला बघून त्यांनी लिहिलं, "वधूपक्ष सुखरूप." मी हसले आणि मग उगाच खिडकीबाहेर बघितलं.

अब्बांनी स्टूल ओढलं आणि बोलायला लागले.

अब्बा. बोलायला लागले! मी अम्मीला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, खोटं कशाला बोलतेस. त्यांनी काय ठरवलंय, तर चौतीस वर्षांत काय-काय झालं ते काकांना सांगायचं. ओळीने. एक्क्याण्णवपासून. परवा एक्क्याण्णव आणि ब्याण्णव झालं. ब्याण्णवचा डिसेंबर म्हणे एका वाक्यात उरकला, काकांनाही तेवढंच पुरलं. काल त्र्याण्णव, चौऱ्याण्णव. आज पंच्याण्णव होतं: दुकानाचं शटर कसं बसवलं, पहिलं गिऱ्हाईक कसं टेप न्यायलाच आलं नाही, तो टेप अजून माळ्यावर आहे.

काका ऐकत होते. मधेच पाटीवर लिहिलं, "फार लांबवतोस."

"तुला कुठे जायचंय?" अब्बा म्हणाले. "चौतीस वर्षं गप्प होतो. आता तू गप्प बस."

काकांचे खांदे हलले. हसले की आवाज नाही येत, पण पट्टीच्या वरचा सगळा चेहरा हसतो.

सहा वाजता नर्स आली. "चला, वेळ संपली."

"एक मिनिट, सिस्टर," अब्बा म्हणाले. "शहाण्णवचा पावसाळा राहिलाय."

तिने पाच मिनिटं दिली.

जिना उतरताना मी बोटांवर हिशेब केला. रोज दोन वर्षं होतायत. माझं साल दोन हजार पाच. या वेगाने मी येत्या शुक्रवारी जन्माला येते. अब्बा काय सांगतात बघायचंय.

अभयदादाला मेसेज टाकलाय, शुक्रवारी सुट्टी.